थोरल्या बहिणीचे स्वभावचित्रण

मंगळवार, ४ एप्रिल

"निष्ठुर," मी म्हणाले, आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाईंनी तो शब्द चौथ्या ओळीत लिहून टाकला. आधीच्या तीन ओळी: व्यवहारी, अबोल, कर्तव्यदक्ष. प्रत्येकाला एक गुण. पाठातला दाखला दिला नसेल तर अर्धा. खोलीतल्या बाकीच्या दहा जणांनी ते उतरवून घेतलं आणि कुणीतरी पंखा वाढवला.

पाठ तुझा होता. प्रश्न असा: ‘थोरल्या बहिणीचे स्वभावचित्रण करा.’

मायना लिहिलेला नाही. कोणता लिहावा ते ठरत नव्हतं आणि त्यापायी पत्र अडून राहिलं असतं. एकवीस वर्षं अडून राहायला एवढं कारण पुरलं आहे.

तुझा पत्ता प्रकाशकाकडून मिळवला. शाळेच्या कामासाठी हवाय, असं सांगितलं. ते अगदीच खोटं नाही.

मी भाषा शिकवते. दरवर्षी उन्हाळ्यात महिनाभर परीक्षा मंडळाच्या तपासणी केंद्रावर नियामक म्हणून जाते. म्हणजे दहा परीक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहते. ते लाल पेन वापरतात, मी हिरवं. दोन वर्षांपूर्वी दहावीचं पुस्तक बदललं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा शाळेत आला, मी अनुक्रमणिका उघडली, सातव्या पाठापुढे तुझं नाव होतं. उभ्याउभ्या वाचला. मग घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.

दोन वर्षं तो पाठ शिकवते आहे. मुलांना सांगते, लेखक बहिणीला एकदाही वाईट म्हणत नाही, नीट बघा. आई अत्यवस्थ असल्याचं कळून भाऊ लांबून येतो, तोवर ती गेलेली असते. बहीण दार उघडते आणि म्हणते, "आटोपलं सगळं. पाय धुऊन घे." मग आत जाऊन आईच्या चादरींच्या घड्या करते, मोजून कपाटात ठेवते. रडत नाही. तो विचारतो, "थांबली का नाहीस?" ती म्हणते, "चहा टाकू?" मी मुलांना सांगते, माणूस कसा आहे हे लेखकानं सांगायचं नसतं, त्या माणसाच्या हातून ते होऊ द्यायचं असतं. मुलं लिहून घेतात.

शाळेत किंवा केंद्रावर कुणाला माहीत नाही. माझं आडनाव आता वेगळं आहे. केंद्रावर पहिल्या दिवशी एक प्रतिज्ञापत्र भरून घेतात: माझा कुणीही नातेवाईक या परीक्षेला बसलेला नाही. मी सही केली. नातेवाईक पुस्तकात असेल तर काय, यासाठी रकाना नाही.

आजची बैठक आदर्श उत्तर ठरवण्याची होती. तीन मुद्दे झाले, चौथा कुणाला सुचेना. जेवणाची वेळ टळून गेली होती. एक सर म्हणाले, "हळवी लिहू या का?" बाकीचे हसले. "हळवी? अहो, ती चादरी मोजतेय!" मुख्य नियामक घड्याळ बघत होते. "बाई, तुम्ही बोला. तुम्ही गप्प बसलात की आमची जेवणं लांबतात." तेव्हा मी तो शब्द दिला. पाठातून तोच निघतो.

तो मी दिला, एवढं तुला कळवायचं होतं.


शनिवार, ८ एप्रिल

आम्ही बसतो त्या खोलीत बारा टेबलं आहेत, भिंतीला टेकून गठ्ठे. खिडक्यांना खालून अर्ध्यापर्यंत वर्तमानपत्र चिकटवलं आहे, कारण समोरच्या इमारतीतून आत दिसतं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त कोड. टेबलावर चहा न्यायचा नाही. मागे एकदा एका कपानं कुणाचा तरी अख्खा निबंध पुसला, तेव्हापासून.

माझ्या हाताखाली एक परीक्षक आहेत, त्यांना सगळे शून्यवाले सर म्हणतात. माणूस वाईट नाही. आदर्श उत्तरातला शब्द दिसला की गुण, नाही दिसला की शून्य. दिवसाला सगळ्यांत जास्त पेपर त्यांचे होतात.

नियम असा आहे: पास व्हायला पस्तीस लागतात. जे पाचाच्या आत हुकले, त्यांचे पेपर नियामकानं स्वतः पुन्हा बघायचे. काल दुपारी त्या गठ्ठ्यात कोड ४११७चा पेपर आला. एकूण बत्तीस. शुद्धलेखनाचे हाल, निबंध अर्धा सोडलेला. प्रश्न चौथा: शून्य. समासात सरांचा लाल शेरा, ‘पाठाशी संबंध नाही’.

उत्तर उतरवून पाठवते. असं करायला परवानगी नाही. शुद्धलेखन मी नीट केलं आहे.

‘बहिणीच्या चपलांना ओलं डांबर लागलं होतं असं लेखक म्हणतो. त्याचा वास त्याला घरभर येतो. पण पहिल्या पानावर लिहिलं आहे की घराची गल्ली मातीची आहे आणि डांबर फक्त स्टँडच्या रस्त्यावर टाकत होते. म्हणूनच ट्रकवाला भावाला मागे कारखान्यापाशी उतरवतो. म्हणजे बहीण स्टँडवर जाऊन नुकतीच आली आहे. आई गेली त्या दिवशी तिला स्टँडवर दुसरं काय काम असणार? ती त्याला बघायला गेली होती. तो दुसऱ्या बाजूनं आला. तिनं हे त्याला सांगितलं नाही. त्यानं चपला बघितल्या पण विचारलं नाही. अशा माणसाला काय म्हणतात ते मला एका शब्दात येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर असे एक काका राहतात.’

शेवटचं वाक्य खोडलेलं आहे. वाचता येतं.

दोन वर्षं शिकवताना ते डांबर मला दिसलं नव्हतं, असं लिहिणार होते. तसं नाही. दिसलं होतं. वातावरणनिर्मितीचं उदाहरण म्हणून मी ते मुलांना अधोरेखित करायला सांगितलं होतं.

मी सरांना बोलावलं.

"सर, हे बघितलंत?"

"बघितलं की. चपलेवर निबंध आहे तो."

"पाठात आहे हे. पान तीस."

"पाठात कारखान्याची चिमणीपण आहे, बाई. उद्या कुणी चिमणीवर लिहील. आपल्या चारातला एक तरी शब्द आहे का यात?"

"‘सांगितलं नाही’ म्हणजे अबोलच झालं ना?"

"मग अबोल लिहायला काय हात दुखत होता? बरं, तुम्ही म्हणताय तर अर्धा देतो."

अर्ध्यानं काही होत नाही. तीन लागतात. आणि आदर्श उत्तरात जे बसत नाही, त्याला हिरव्या पेनानंही गुण देता येत नाहीत. उत्तरात मुद्दा वाढवायचा तर सगळ्या नियामकांची बैठक लागते. ती मुख्य नियामक बोलावतात, आणि सहसा बोलावत नाहीत. एकोणीस तारखेला दुपारी बारा वाजता पाकिटं सील होतात. त्यानंतर ४११७ नापास.

पेपर मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला आहे. तिथपर्यंत पोचायला मला दहा दिवस लागतील, असं ठरवलं आहे.


रविवार, ९ एप्रिल

एकच विचारायचं आहे, म्हणून कालच्या पाठोपाठ हे.

डांबर तू मुद्दाम लिहिलंस का?

तुला ठाऊक असून तू ती गोष्ट लिहिलीस, तर तो एक भाऊ. ठाऊक नसताना ते हातून उतरलं, तर दुसरा. एकवीस वर्षं मी नक्की कुणावर रागावले आहे, ते मला कळायला हवं.

एका ओळीत कळवलंस तरी चालेल. पत्ता पाकिटाच्या मागे आहे.


सोमवार, १७ एप्रिल

कार्ड मिळालं. अक्षर बदललेलं नाही. ओळी अजून उजवीकडे वर चढतात. त्यासाठी तू शाळेत मार खाल्ला आहेस.

तू लिहितोस: ‘ताई, डांबर होतं म्हणून लिहिलं. का, ते माहीत नाही. संपादक म्हणाले होते काढा, मी काढलं नाही. तू स्टँडवर आली होतीस का?’

हो.

आई बुधवारी पहाटे गेली. मामा म्हणाला, दुपारपर्यंत थांबू. अकराच्या गाडीला मी गेले. दीडच्या गाडीला गेले. तीनच्या गाडीला गेले. डांबर टाकणारी माणसं मला ओळखायला लागली. तिसऱ्या खेपेला त्यांच्यातल्या एका बाईनं मला फळी टाकून दिली आणि विचारलं, "कोण यायचंय एवढं?" मी म्हणाले, "भाऊ." ती म्हणाली, "भाऊ काय, येतात सावकाश." तिला घरचं काही माहीत नव्हतं. तिचं बोलणं मला बरं वाटलं.

तीनच्या गाडीतून तू उतरला नाहीस. मामा म्हणाला, "पोरी, आता पुरे. लोक ताटकळलेत." चारला निघालो. पाचच्या आत सगळं झालं.

साडेपाचच्या गाडीला मी पुन्हा गेले. आता थांबवून धरावं असं काही उरलं नव्हतं. पण हे तुला स्टँडवरच्या दुकानदाराकडून कळू नये, एवढं मनात होतं. त्याही गाडीत तू नव्हतास. मागच्या रस्त्यानं ट्रकमधून येशील हे मला कसं सुचणार? घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले, आणि दार वाजलं. चपला पायातच होत्या.

स्टँडवर तुला काय सांगायचं, ते वाक्य मी रस्ताभर जुळवत गेले होते. त्यात ‘बस जरा’ असं होतं, ‘माझ्याकडे बघ’ असं होतं. स्टँडवर बाकं आहेत. दारात ते वाक्य बसेना. म्हणून दुसरं बोलले. ते तू शब्दशः उतरवलं आहेस. त्यात एका अक्षराची चूक नाही.

निरोप इतका उशिरा कसा मिळाला, असं तू तेव्हा विचारलं होतंस. त्याविषयी या पत्रात लिहीत नाही.

उद्या मुख्य नियामकांकडे जाणार आहे. ४११७ गठ्ठ्याच्या वर आला आहे.


मंगळवार, १८ एप्रिल, संध्याकाळ

मुख्य नियामकांच्या टेबलावर काचेखाली वेळापत्रक आहे आणि कोपऱ्यात पायाला बांधायचा गरम पट्टा. गुडघा दुखतो त्यांचा. मी पुस्तकाची दोन पानं आणि पेपर समोर ठेवला. त्यांनी तिन्ही वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"निष्ठुर कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"मग आता काय झालं?"

"उत्तर अपुरं आहे."

"अपुरं. अडतीसशे पेपर तपासून झाल्यावर." त्यांनी पेपर उलटा करून कोड पाहिला, जणू तिथे नाव सापडेल. "बाई, लेखकाच्या हातून पडलं असेल ते. लेखक काय, काहीही टाकतात. त्यालासुद्धा ठाऊक नसेल."

"नसेल ठाऊक."

"विचारायचं का? मंडळाकडे नंबर असेल त्याचा."

"नको," मी म्हणाले. तुझं कार्ड माझ्या पिशवीत होतं. "त्याला विचारून मार्क द्यायचे, तर त्यालाच परीक्षेला बसवू या."

ते हसले. मनाविरुद्ध हसले, म्हणून जास्त हसले. मग म्हणाले, "एका पोरापायी अकरा जणांच्या शिव्या खाणार तुम्ही."

"मुलगा आहे की मुलगी, माहीत नाही."

"उद्या दहाला घ्या बैठक. बाराला सील म्हणजे सील. मी मध्ये बोलणार नाही, तुमचं तुम्ही निस्तरा."

घरी आल्यावर एक गोष्ट तपासून पाहिली. ४११७ला तीन गुण मिळावेत, असं मला का वाटतं? उत्तर बरोबर आहे म्हणून, की ते मला सोडवतं म्हणून? दुसरं असेल तर उद्या मी तोंड उघडू नये. तेव्हा जे मला सोडवत नाही, ते आधी लिहून काढते.

तुझ्या वसतिगृहावर मी फोन केला तो मंगळवारी दुपारी. आई रविवारी सकाळी न्हाणीघरात पडली होती. डॉक्टर रविवारीच म्हणाले, मुलाला बोलावून घ्या.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की आईनंच नको म्हटलं, त्याची मुलाखत आहे, उगाच धावपळ नको. मामाला सांगितलं. शेजारी सांगितलं. तुलाही सांगितलं, तू तिसऱ्या दिवशी बॅग भरत होतास तेव्हा. तू मान हलवलीस. आई तसं म्हणाली नव्हती. आई विचारत होती, "निघाला का तो?" मी म्हणत होते, "निघालाय." रविवारी तिनं तीनदा विचारलं. सोमवारी मी मोजलं नाही.

मुलाखतीचं कारण मला मागाहून सुचलं. त्या वेळी कारण एवढंच होतं: तू आलास की ती तुझ्याकडे तोंड करून निजणार, आणि मी स्वयंपाकघरात. सात वर्षं तिचं सगळं मी केलं होतं. तिची औषधं, तिचे केस, तिचं बोलणं. मला दोन दिवस हवे होते. ते मी घेतले. त्या दोन दिवसांत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. दाराकडे बघत होती. मंगळवारी तिचा श्वास बदलला, तेव्हा मी फोनपाशी गेले.

रविवारी कळवलं असतं तर तू सोमवारी आला असतास. मग स्टँडवर चार चकरा मारायची वेळच आली नसती. डांबर लागलं नसतं, आणि तुला गोष्टही मिळाली नसती.

हे लिहून झाल्यावर पेपर मनातल्या मनात पुन्हा वाचला. उत्तर तरीही बरोबर आहे. तुझ्या पाठातल्या बहिणीनं निरोप दाबून ठेवलेला नाही. तिथे तसा पुरावाच नाही. ४११७नं तिच्याबद्दल लिहिलं आहे, आणि तिच्याबद्दल ते खरं आहे. माझ्याबद्दल कुणी विचारलेलं नाही. उद्या मी पाठाबाहेरचं एक अक्षर बोलणार नाही.

तुला मात्र पाठाबाहेरचंच पाठवते आहे. याचं काय करायचं ते तू ठरव. गोष्ट लिहिलीस तरी माझी हरकत नाही. तिचा प्रश्न परीक्षेत आला तर मी तपासायला नसेन. दोन वर्षांत निवृत्त होते आहे.

पत्र आत्ता बंद करत नाही. उद्याचं काय झालं ते खाली लिहून मग टाकते.


बुधवार, १९ एप्रिल

बैठक दहा वाजता सुरू झाली. मी दोन्ही पानं वाचून दाखवली, मग उत्तर वाचलं. खोडलेलं वाक्य वगळलं.

"म्हणजे आम्ही सगळे आंधळे," एक सर म्हणाले.

"मी शिकवते हा पाठ," मी म्हणाले. "सगळ्यांत आधी मी."

फळ्याजवळच्या बाईंनी खडू हातात घेतला होता. "पण मग ती बाई शेवटी चांगली का वाईट? आम्ही काय धरायचं?"

"ते विचारलेलं नाही. स्वभावचित्रण करा, एवढंच विचारलंय."

"आणि चौथी ओळ? निष्ठुर खोडू?"

"नको, असू दे. खाली पाचवी लिहा."

त्यांनी पाचव्या ओळीत लिहिलं: पाठातील तपशिलावरून काढलेला अन्य निष्कर्ष, दाखल्यासह, तीन गुणांपर्यंत ग्राह्य. सात जणांनी हात वर केले, पाच जणांनी केले नाहीत. सगळे अडतीसशे पेपर पुन्हा उघडायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी हुकलेल्या एकशे चाळीस पेपरांनाच हा मुद्दा लावायचा, असं ठरलं. बाकीच्यांवर तो अन्याय आहे. तशी नोंद करा, असं एक जण म्हणाले, ती केली.

अकरापासून आम्ही ते पेपर वाटून घेऊन बघितले. ४११७ला मी तीन दिले, मुख्य नियामकांनी शेजारी सही केली. एकूण पस्तीस. बाराला सात मिनिटं कमी असताना पाकीट सील झालं.